आतून लावायची कडी

युरोपला जायचं ठरलं तेव्हा आमच्या मंगळवारच्या बैठकीत बायकांनी नाना प्रश्न विचारले. विमानात पोटात गोळा येत नाही का, तिकडे भाकरी मिळते का, एवढ्या थंडीत साडी कशी निभणार? एकीने मात्र वेगळंच विचारलं. "ताई, तितं खोलीत तुमी एकट्याच ऱ्हाणार न्हवं? मग कडी आतनं असती का भाइरनं?" सगळ्याजणी हसल्या. मीही हसले आणि "आतूनच असणार की, आक्का," असं म्हणून पुढच्या विषयाकडे वळले. परत आल्यावर हा लेख लिहायला बसले, तेव्हा लक्षात आलं की तिकडे जे पाहिलं त्यातलं निम्मं मला या प्रश्नामुळेच दिसलं.

परदेश प्रवासाबद्दल आपल्यासारख्या अंकात लिहायचं म्हणजे थोडा संकोच वाटतो. म्हणून आधीच सांगते. घरकामगार स्त्रियांच्या प्रश्नावर बेल्जियममधल्या ब्रुसेल्सला एक बैठक होती, तिचं आमंत्रण आमच्या संघटनेला आलं होतं. बैठक संपल्यावर दोन दिवस हाती होते. तिथल्या एका मैत्रिणीने सुचवलं की तासाभराच्या रेल्वे अंतरावर ब्रुज नावाचं जुनं शहर आहे, नोव्हेंबरात हॉटेलचे भाव उतरलेले असतात, एकटी जाऊन राहून ये. मानधनातून परवडेल अशी कालव्याकाठची एक खोली तिनेच ठरवून दिली.

ब्रुज म्हणजे चित्रातलं गाव. तेराव्या ते पंधराव्या शतकात लोकरीच्या कापडाच्या व्यापारावर हे शहर गबर झालं. समुद्राकडून येणारा जलमार्ग गाळाने भरत गेला, व्यापार अँटवर्पकडे सरकला आणि शहर गरीब झालं. नवं बांधायला पैसा नव्हता, म्हणून जुनं टिकलं. २००० साली युनेस्कोने सारं जुनं शहर जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं. अरुंद कालव्यांना तिथे 'रेई' म्हणतात. घरांच्या भिंती थेट पाण्यातून वर येतात आणि माथ्याची कौलारू टोकं पायऱ्यांसारखी कापलेली असतात. मी गेले तेव्हा पर्यटकांच्या होड्या हिवाळ्यासाठी झाकून ठेवलेल्या होत्या. पाच वाजता अंधार पडत होता.

हॉटेल म्हणजे अशाच एका जुन्या घराचे केलेले तुकडे. जिना शिडीसारखा उभा, हातात बॅग घेऊन चढताना दोरखंड धरावा लागला. खोली लहान, पण खिडकीखाली कालवा. आत सगळं दोन-दोन होतं. दोन उशा, दोन टॉवेल, दोन कप, नवरा-बायकोसाठी एक पलंग. आणि भाडं खोलीचं, माणसाचं नाही. म्हणजे दोघांनी राहायचं असेल तर अर्धं अर्धं, एकटीने राहायचं असेल तर पूर्ण. जोडी ही जगाची मोजमापाची पट्टी आहे आणि एकटी असणं ही चैन आहे, हे कोणी बोलून दाखवलं नाही, पण बिलात लिहिलेलं होतं.

दार लावलं. कडी आतून होती. ती लावली आणि पलंगावर बसून राहिले.

मैत्रिणींनो, माझं वय चौतीस आहे. एम.एस.डब्ल्यू. झालेली, नोकरी करणारी, चळवळीत वावरणारी बाई आहे मी. पण त्या रात्री हिशेब केला तेव्हा कळलं की एका खोलीत एकटीने, किल्ली स्वतःच्या हातात ठेवून, आजवर मी कधी झोपलेच नव्हते. लहानपणी दोन खोल्यांत आम्ही सहाजण. कॉलेजात वसतिगृहाच्या खोलीत तिघी. मग लग्न, मग मूल. शिबिरात तर शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्यांवर ओळीने तीसजणी. त्या सगळ्यात जिव्हाळा होता, मी तो नाकारत नाही. पण 'कोणीही आत येणार नाही' ही खात्री काय असते, हे मला चौतिसाव्या वर्षी, परक्या देशात, पैसे मोजून कळलं. रात्री दर पंधरा मिनिटांनी घंटामनोऱ्याच्या घंटा वाजत होत्या. त्या मी बऱ्याच मोजल्या, कारण झोप आली नाही. सवय नव्हती.

आणि आठवला तो तालुक्याच्या गावातला लॉज. चार वर्षांपूर्वी एका प्रकरणात कोर्टाची तारीख होती, शेवटची एस.टी. चुकली. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "सोबत कोण आहे?" कोणी नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "एकट्या लेडीजला देत नाही." ओळखपत्र दाखवलं, संस्थेचं पत्र दाखवलं. नाहीच. त्या रात्री एस.टी. स्टँडवर एका भाजीवाल्या मावशीच्या पाट्यांच्या आडोशाला बसून काढली. एकट्या पुरुषाला खोली मिळते, जोडीला मिळते, एकट्या बाईला नाही. तिच्यावर संशय घ्यायचा की तिची काळजी करायची, हे व्यवस्थेला अजून ठरवता येत नाही, म्हणून ती दार बंद करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बेगेनहोफ पाहायला गेले. तीन कमानींचा पूल ओलांडला की एक मोठं दार लागतं. आत मोठ्ठं अंगण, उंच झाडं आणि भोवती पांढऱ्या भिंतींची छोटी छोटी घरं. १२४५ साली फ्लँडर्सची राज्यकर्ती मार्गारेट हिने या वस्तीची स्थापना केली. इथे बेगीन म्हणवणाऱ्या स्त्रिया राहत. त्या कोणाच्या बायका नव्हत्या आणि जोगिणीही नव्हत्या. जोगिणीसारखी आजन्म शपथ त्यांना घ्यावी लागत नसे. वस्तीत राहीपर्यंत ब्रह्मचर्य पाळायचं आणि वस्तीचे नियम मानायचे. लग्न करावंसं वाटलं तर निघून जाता येई. स्वतःची मालमत्ता स्वतःकडेच राही. आणि पोट स्वतःच्या कष्टावर: लोकर धुणं, सूत कातणं, कापडाची कामं, आजाऱ्यांची शुश्रूषा, मुलींना शिकवणं. कारभार त्यांच्यातल्याच ज्येष्ठ स्त्रीकडे असे. आजच्या बेल्जियम-हॉलंडच्या भागात गावोगावी अशा वस्त्या होत्या. बेल्जियममधल्या १३ वस्त्या १९९८ साली जागतिक वारशाच्या यादीत आल्या.

मी अंगणात उभी राहून विचार करत होते, की पावणेआठशे वर्षांपूर्वी एकट्या बाईसाठी हे घर कोणाला तरी सुचलं! बाप, नवरा, मुलगा आणि देव यांच्यापैकी कोणाच्याही ताब्यात पूर्णपणे न जाता जगण्याची जागा.

पण भारावून जायचं कारण नाही. श्रीमंत बेगिणींना स्वतंत्र घर असे, गरीब बेगिणी सामाईक खोल्यांत राहून मजुरी करत. जातीची नाही तरी वर्गाची उतरंड तिथेही होतीच. शिवाय कोणाच्याच ताब्यात नसलेल्या बायका धर्मसत्तेला खुपू लागल्या. मार्गारीत पोरेत नावाच्या स्त्रीला लोक बेगीन म्हणत. तिने देवाबद्दल स्वतःच्या भाषेत पुस्तक लिहिलं, ते मागे घ्यायला नकार दिला, म्हणून १३१० साली पॅरिसमध्ये तिला जिवंत जाळलं. पुढच्याच एक-दोन वर्षांत व्हिएनच्या धर्मपरिषदेने बेगिणींच्या जीवनपद्धतीवर निषेधाचा ठराव केला. ज्या वस्त्या टिकल्या त्या राजाच्या किंवा चर्चच्या छत्राखाली गेल्या म्हणून टिकल्या. ब्रुजच्या या वस्तीच्या दारावर एक शब्द कोरलेला आहे, 'सोव्हगार्द'. म्हणजे संरक्षण.

हा शब्द आपल्या फार ओळखीचा आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात तो आहे, संरक्षण अधिकारी म्हणून. आपल्या आधारगृहांच्या कागदोपत्रीही तो आहे. संरक्षण हवंच, पण दर वेळी विचारायला हवं की कडी कोणत्या बाजूला आहे? महिलांच्या शासकीय वसतिगृहात, आधारगृहात मी बायकांना घेऊन गेले आहे. तिथे फाटकाला कुलूप बाहेरून असतं. बाई बाहेर जाणार तर रजिस्टरवर सही, कारण, परतीची वेळ. मारहाण करणारा नवरा मोकळा फिरतो आणि मार खाल्लेली बाई कुलपात राहते. तेही ठरावीक मुदतीपुरतं. 'स्वाधार'चं नाव २०२२ मध्ये बदलून 'शक्ती सदन' झालं, नोकरदार महिलांच्या वसतिगृहाचं 'सखी निवास' झालं. नोकरदार महिलांच्या वसतिगृहांची ही योजना तर १९७२-७३ पासून आहे. तीन वर्षं राहा, मग जागा सोडा. तीन वर्षांत बाईने काय करावं असं अपेक्षित आहे? बहुधा लग्न.

आपल्याकडे याचा विचारच झाला नाही असं नाही. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या तेव्हा वाँटेज इथल्या ख्रिस्ती भगिनींच्या वस्तीत राहिल्या होत्या. परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम सुरू केला. शंभर वर्षांनी, ऐंशीच्या दशकात, परित्यक्ता स्त्रियांच्या चळवळीने महाराष्ट्रात एक पाऊल पुढे टाकलं. टाकलेल्या बाईला आश्रय नको, हक्क हवा, असं म्हटलं. तिच्या नावाचं रेशनकार्ड, तिच्या नावाचं घर, तिच्या नावाची जमीन. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'मधून बायकोच्या नावे जमीन करण्याचा कार्यक्रम घेतला. तेव्हा मी लहान होते. पण आज त्याच मागण्या घेऊन मी तहसील कचेरीत उभी असते आणि तिथला कारकून मला सांगतो की बाईचं नाव नवऱ्याच्या कार्डावर आहे, आधी तिथून कमी करून आणा. नवरा सही देत नाही. सही नाही म्हणून कार्ड नाही, कार्ड नाही म्हणून घरकुलाचा अर्ज पुढे सरकत नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित आणि अविवाहित अशा एकट्या स्त्रिया सात कोटींहून जास्त होत्या. एवढ्या मोठ्या संख्येला अपवाद म्हणत नाहीत.

त्या वस्तीतलं एक घर संग्रहालय म्हणून खुलं आहे. चूल, पलंग, मागे छोटं अंगण आणि विहीर, आणि लेस विणायची उशी. ब्रुजची लेस जगप्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या हजारो गरीब बायका आणि मुली ती विणत होत्या. जोगिणींच्या शाळांतून मुलींना ती शिकवली जाई, आणि नफा व्यापाऱ्याकडे जाई. मारिया मीस यांनी आंध्रातल्या नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवर लिहिलेलं १९८२ चं पुस्तक आपल्यापैकी अनेकींना अभ्यासवर्गातून माहीत आहे. मिशनऱ्यांनी युरोपातून नेलेली ती कला. बायका दिवसाचे सहा-आठ तास विणत, माल परदेशी जाई आणि सरकारदरबारी त्या 'गृहिणी'. आपल्याकडच्या विड्या वळणाऱ्या, पापड लाटणाऱ्या, फॉल-पिको करणाऱ्या बायकांचंही तेच. घरात बसून केलेल्या कामाला फावल्या वेळचं काम म्हटलं की मजुरी निम्मी करता येते. बेगिणींना स्वतःचं घर शक्य झालं ते कापडाच्या धंद्यात त्यांच्या श्रमाला मागणी होती म्हणून. घर आणि कमाई यांची मागणी वेगवेगळी करून चालत नाही.

'युरोपातल्या बायका पुढारलेल्या' असं आपण सहज म्हणतो, म्हणून आणखी एक गोष्ट नोंदवते. बेल्जियममध्ये १९१९ साली राष्ट्रीय निवडणुकीत मत मिळालं ते मुख्यतः युद्धात मेलेल्या सैनिकांच्या विधवांना आणि मातांना. म्हणजे मेलेल्या पुरुषाच्या वतीने. १९२० मध्ये स्त्रियांना नगरपालिकेचं मत मिळालं, पण वेश्या आणि व्यभिचारी ठरवलेल्या बायकांना वगळून. सर्व स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताचा हक्क १९४८ मध्ये मिळाला. बाई कोणाची कोण आहे, हे विचारल्याशिवाय तिला माणूस म्हणून मोजायचं नाही, ही खोड आपल्या एकट्यांची नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. आपल्याला सवय असते तसं मी उठल्या उठल्या अंथरूण आवरलं. चादर ताणली, उशा नीट ठेवल्या, टॉवेल घडी करून ठेवले. साफ करणाऱ्या बाईचं काम तेवढंच कमी, असा विचार. दार उघडलं तर ती जिन्यातच उभी. एका खांद्यावर धुतलेल्या चादरींची चळत, दुसऱ्या हातात बादली. त्या उभ्या जिन्यावरून ढकलगाडी चढत नाही, म्हणून ती दिवसातून कितीतरी वेळा असंच वर-खाली करते. चेहऱ्यावरून नेपाळी वाटली, मी हिंदीत बोलले. तिचा चेहरा उजळला. "दीदी, इंडिया से?" मी तिला बहिनी म्हटलं, तशी ती अजून मोकळी झाली.

तिने खोलीत पाहिलं आणि हसू दाबलं. म्हणाली, तुम्ही चादर घातलीत, आता मला ती आधी काढावी लागेल. जाणाऱ्या पाहुण्याची चादर बदलायचीच असते. घडी घातलेला टॉवेल वापरलेला की कोरा हे उलगडून बघावं लागतं. "काढून एका जागी गोळा करून ठेवा दीदी, म्हणजे माझी पाच मिनिटं वाचतात." मी ओशाळले. श्रमाच्या प्रतिष्ठेवर भाषणं देणारी मी, तिच्या कामाबद्दल तिला न विचारताच तिला मदत करायला निघाले होते. आपण वस्त्यांमध्ये हे किती वेळा करतो, हा विचार नंतर गाडीत बराच वेळ डोक्यात राहिला.

पाहुणे अकराला जातात, नवे तीनला येतात. त्या चार तासांत सगळ्या खोल्या व्हायला हव्यात. एका खोलीला पंचवीस मिनिटं, संडास-बाथरूमसकट. दुपारनंतर ती घरोघर सफाईला जाते, 'सर्व्हिस व्हाउचर'वर. ही बेल्जियमची पद्धत ब्रुसेल्सच्या बैठकीत आम्ही समजून घेतली होतीच. २००४ च्या सुमारास ती रुजली. घरमालक सरकारमान्य व्हाउचर विकत घेतो आणि कामाच्या दर तासाला एक व्हाउचर देतो. ते ज्या कंपनीकडे जातं तिला बाकीची रक्कम सरकार देतं. बाई त्या कंपनीची नोकर असते. तिला करारपत्र, भरपगारी रजा, आजारपणाचा पगार, पेन्शनचा हिशेब. पाठ-कंबर मोडते, पुरेसे तास मिळत नाहीत, कंपन्या नफा काढतात, या तक्रारी तिथल्या युनियनच्या बायकांनी आम्हाला भरपूर सांगितल्या. तरीही ती कायद्याच्या नजरेत कामगार आहे. घरकामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार क्रमांक १८९ हा २०११ मध्ये झाला. बेल्जियमने तो २०१५ मध्ये मान्य केला, भारताने अजून केलेला नाही. महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये आला. पण कल्याण म्हणजे हक्क नव्हे. आमच्या गटातल्या बाईला पगारी सुट्टी अजूनही मालकिणीच्या मर्जीवर मिळते.

निघताना मी बहिनीला आक्काचा प्रश्न विचारला. तुला आहे का गं अशी खोली, आतून कडी लावायची? ती मोठ्यांदा हसली. नवरा, दोन मुली आणि ती, दोन खोल्यांत राहतात. "बाथरूमला आहे ना दीदी," ती म्हणाली, "तिथे बसते कधीकधी दहा मिनिटं." मग खाली वाकून चादर ओढायला लागली.

तिने माझी खोली रोज तयार केली म्हणून मला दोन रात्री एकांत मिळाला. माझ्या एकांताचे पैसे हॉटेलला मिळाले, त्यातले तिला किती मिळाले हे मला ठाऊक आहे, कारण तिने सांगितलं. म्हणून 'बाईला स्वतःची खोली हवी' एवढं म्हणून थांबता येत नाही. ती खोली झाडणाऱ्या बाईलाही हवी.

आता आक्काबद्दल सांगते. हे लिहिणं सोपं नाही.

आमच्या सल्ला केंद्रात ती पहिल्यांदा आली तेव्हा हाताला सूज होती. आम्ही नवऱ्याला बोलावलं, समजावलं, कागदावर लिहून घेतलं. 'समझोता' झाला. दुसऱ्यांदा आली, पुन्हा तेच. दोन्ही वेळा तिला परत पाठवण्याच्या कागदावर माझी सही आहे. कारण? माहेरी भाऊ ठेवून घेत नव्हता, आधारगृहात मोठ्या मुलाला घेत नव्हते, भाड्याने खोली घ्यायला डिपॉझिट नव्हतं. मी तिच्यापुढे 'पर्याय' ठेवले होते, असं अहवालात लिहिलं. खरं म्हणजे एकच पर्याय होता. तिसऱ्यांदा ती आमच्याकडे आलीच नाही. भावाच्या हातापाया पडून त्याच्या घरामागे चार पत्रे ठोकून राहिली. त्या पत्र्याच्या खोपटाला आतून कडी नाही, कारण तिथे भावाची खतांची पोती ठेवलेली असतात आणि ती केव्हाही काढावी लागतात. कडी आतून की बाहेरून, हा तिचा प्रश्न गंमतीचा नव्हता. मला तो तेव्हा ऐकू आला नाही.

आपण समुपदेशन केंद्रं चालवणाऱ्या बायका 'समेट झाला' हे यश म्हणून मोजतो. अहवालाच्या तक्त्यात त्याला रकाना असतो. माझं म्हणणं असं, की ज्या बाईला जायला दुसरी जागाच नाही, तिने दिलेली संमती ही संमती नव्हे. त्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना हवा: परत पाठवताना तिच्याकडे राहण्याची दुसरी जागा होती का? हा रकाना भरायला लागलो तर आपलेच आकडे आपल्याला लाजवतील.

मग करायचं काय? मोठ्या मागण्या आहेतच, त्यासाठी मोर्चे काढूच. पण काही गोष्टी उद्यापासून करता येतील.

पहिली, कायद्याची. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १७ ने बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सासू-सासऱ्यांच्या नावावरचं घरही त्यात येऊ शकतं असं स्पष्ट केलं. पण मारणाऱ्याबरोबर एका छपराखाली राहण्याचा हक्क सगळ्याजणींना नको असतो. त्याच कायद्याच्या कलम १९ मध्ये त्याच दर्जाचं दुसरं घर किंवा त्याचं भाडं मागण्याची सोय आहे. आपण आपल्या अर्जांत ते किती वेळा मागतो? मी माझ्या जुन्या फायली काढून पाहिल्या. पोटगी प्रत्येक अर्जात आहे. घरभाडं पाचातल्या एकातही नाही.

दुसरी, पैशाची. आपले बचत गट म्हशीला कर्ज देतात, शिलाई मशीनला देतात, मुलीच्या लग्नालाही देतात. खोलीच्या डिपॉझिटला देतात का? दहा-पंधरा हजारांसाठी बाई मार खायला परत जाते. प्रत्येक गटसंघाने डिपॉझिटचा वेगळा फंड ठेवावा. महाराष्ट्रात २०२१ पासून स्त्रीच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. चांगलं आहे, पण ती घर घेऊ शकणाऱ्या बाईसाठी. आपल्या बाईचा प्रश्न त्याआधीचा आहे.

तिसरी, आपल्याच घरातली. आपल्यापैकी ज्या संघटना आधारगृह चालवतात त्यांनी दाराकडे एकदा पाहावं. रात्री सुरक्षिततेसाठी फाटक बंद करावं लागतं हे मान्य. किल्ली मात्र राहणाऱ्या बायकांकडे असायला काय हरकत आहे? आणि निदान प्रत्येक खोलीला आतून कडी?

चौथी, सरकारकडे मागायची. ब्रुजमध्ये मी आणखी एक पाहिलं. 'देवाची घरं' म्हणतात तिथे त्यांना. चौदाव्या शतकापासून व्यापारी आणि कारागीर संघ गरीब म्हाताऱ्यांसाठी, विधवांसाठी बुटक्या घरांच्या ओळी बांधत आले. बदल्यात राहणाऱ्यांनी दात्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायची. दयेचाच व्यवहार होता तो. पण आज तीच घरं तिथल्या सार्वजनिक समाजकल्याण विभागाकडे आहेत आणि त्यांत वृद्ध लोक राहतात. पर्यटक बाहेरून फोटो काढतात आणि आत कोणाचं तरी जेवण शिजत असतं. बेगेनहोफमध्येही शेवटच्या बेगिणींनंतर, १९२७ मध्ये, बेनेडिक्टाइन जोगिणी आल्या, आणि शहरातल्या काही अविवाहित स्त्रियाही तिथे राहतात. म्हणजे वारसा जपणं म्हणजे रिकाम्या भिंती रंगवून ठेवणंच नाही. नगरपालिकांच्या घरबांधणीत एकट्या स्त्रियांसाठी घरांची एक ओळ, भाडं कमाईच्या प्रमाणात, मुदत नाही, मुलगा वयात आला म्हणून बाहेर काढणं नाही. ही मागणी अवाजवी आहे असं कोणी म्हणालं तर तिचं वय त्याला सांगावं.

साऱ्या जगातली शेवटची बेगीन बेल्जियमच्याच कोर्ट्रेक गावी २०१३ मध्ये वारली. वर्तमानपत्रांनी लिहिलं, एक परंपरा संपली. मला ते पटत नाही. कोणाची म्हणून न राहता, स्वतःच्या कष्टावर, शेजारणींच्या आधाराने जगू पाहणाऱ्या बायका आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. नाही ती घरांची ओळ.

परत आल्यावर पहिल्या मंगळवारी मी बैठकीत सगळं सांगितलं. कालवे, थंडी, चॉकलेटची दुकानं. आक्का कोपऱ्यात बसली होती. शेवटी मीच तिला म्हटलं, "आक्का, कडी आतून होती." ती म्हणाली, "मग झोप लागली आसंल चांगली." मी खरं ते सांगितलं, की पहिल्या रात्री लागली नाही. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "लागती. सवयीनं लागती."

त्याच बैठकीत आम्ही डिपॉझिटच्या फंडाचा ठराव केला. पहिल्या दिवशी एक हजार सातशे रुपये जमले आहेत. पत्र्याच्या खोपटातून बाहेर पडायला तेवढे पुरत नाहीत. तुमच्या गटात यावर चर्चा झाली, काही वेगळे मार्ग सापडले, तर पुढच्या अंकासाठी जरूर लिहा.